राज्य कोणावर?

शेताच्या मधोमध एक वर्तुळ आखलंय आणि त्यात डबा ठेवलाय. डबा म्हणजे खरं तर कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, निम्मी मातीने भरलेली, पण तिला सगळे डबाच म्हणतात. भाताची कापणी होऊन गेलीय, धसकटं अजून पायाला टोचतायत. सफाळ्यातल्या आमच्या आळीतली नऊ पोरं पेंढ्याच्या भाऱ्यांमागे, बांधाच्या आडोशाला आणि एका बंद पडलेल्या टेम्पोमागे लपलीयत. राज्य असलेला मुलगा साधारण दहा वर्षांचा. एक डोळा डब्यावर ठेवून तो हळूहळू पुढे सरकतोय. तेवढ्यात भाऱ्यामागून चारेक वर्षांचं पोरगं उभं राहतं आणि अख्ख्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतं, "मी इकडे लपलोय!"

राज्यवाला थांबत नाही. बाजूने जाता जाता त्याच्या डोक्यावर हलकी टप्पल मारतो आणि म्हणतो, "लप, लप. अजून दिसला नाहीस तू." पोरगं खूश होऊन पुन्हा खाली बसतं.

हे पोरगं म्हणजे कच्चं लिंबू. ते खेळात असतं, पण आउट होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही, त्याचं नाव पुकारून डबा वाजवला तरी धरत नाहीत. हे समजावून सांगायची गरज नाही असं मला वाटत होतं, पण आमच्याच वर्गातल्या, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये वाढलेल्या एका मैत्रिणीला मी हा शब्द सांगितला तर ती म्हणाली, "म्हणजे सरबताचं?" म्हणून सांगितलं.

मी शेतात गेले होते ते वेगळंच लिहायला. विषय मिळाला होता 'खेळ आणि लहान मुलांचं वागणं', आणि माझ्या डोक्यात लेख आधीच तयार होता. मोबाइलने मुलं एकलकोंडी झाली, चिडचिडी झाली, मैदानं ओस पडली, आपलं बालपण किती भारी होतं, लगोरी, विटीदांडू वगैरे. असा लेख तुम्ही दर सुट्टीत एकदा तरी वाचला असेल. मला फक्त त्यात घालायला दोन-चार 'बाइट' हवे होते. ते मिळाले नाहीत. जे मिळालं ते या लेखात आहे. मुलांची नावं मुद्दाम देत नाहीये. ती लहान आहेत, आणि रडीचा डाव खेळणाऱ्याचं नाव छापून आलं तर सोमवारी शाळेत त्याचं काय होईल हे मला नीट माहीत आहे.

हा नियम कोणी केला?

ज्याला सगळ्यांना शोधत उन्हात पळावं लागतं, ज्याला सगळे चिडवतात, त्याच्यावर 'राज्य' आलं असं आपण म्हणतो. भाषेने केलेला इतका भारी विनोद क्वचित सापडतो. पण राज्य कोणावर, हे ठरवण्याची पद्धत बघा. गोल करून, हात पुढे करून, पालथे-उताणे करत एकेक जण सुटत जातो. कोणी मोठा माणूस नाही, शिट्टी नाही, पंच नाही. नऊ पोरांनी दोन मिनिटांत एक निवडणूक पार पाडली आणि निकाल मान्य केला. हरलेल्याने तोंड वाकडं केलं, पण केला.

मी तिथेच बांधावर बसून एक प्रयोग केला. माझा नव्हे, उसना. ज्याँ पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ शंभरेक वर्षांपूर्वी न्यूशातेल आणि जिनिव्हातल्या मुलांपुढे गोट्या घेऊन बसायचे आणि म्हणायचे, मी खेळ विसरलोय, मला शिकवा. मग हळूच विचारायचे की हे नियम कुठून आले, बदलता येतील का. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. त्यांना दिसलं ते असं: लहान मुलांना नियम म्हणजे दगडावरची रेघ वाटते. तो मोठ्यांकडून आलेला असतो, बदलणं पाप असतं. गंमत म्हणजे तीच मुलं प्रत्यक्ष खेळताना तो नियम धाब्यावर बसवतात. दहा-बाराच्या पुढची मुलं मात्र म्हणतात, सगळ्यांना चालणार असेल तर नियम बदलू. आणि तीच नियम जास्त पाळतात.

मी सहा वर्षांच्या एकाला विचारलं, "'टाइम प्लीज' म्हटलं की धरायचं नाही, हा नियम कोणी केला?"

"दादाने."

"दादाला कोणी सांगितला?"

"त्याला माहितीच होता."

"आपण बदलूया का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी तांदुळवाडीचा डोंगर हलवूया म्हणाले असेन. "नाही. मग तो खेळच नाही." पाच मिनिटांनी हाच गडी टाइम प्लीज न म्हणता चप्पल शोधायला बाहेर आला, पकडला गेला, आणि "मी मनात म्हटलं होतं" असं शपथेवर सांगायला लागला.

अकरा वर्षांच्या मुलीचं उत्तर वेगळं होतं. "बांधाच्या पलीकडे लपायचं नाही, हा नियम आम्हीच केलाय. यंदाच. तिकडे सापाची कात मिळाली ना." कोणी ऐकलं नाही तर? "सगळे हो म्हणाले तरच होतो नियम. एक जण नाही म्हणत होता, मग त्याला म्हटलं तू एकटा लप तिकडे. मग म्हणाला हो."

नऊ पोरं आणि एक बांध म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मला कळतं. पण आपण राज्यशास्त्राच्या पेपरला 'सहमती' या शब्दावर दहा मार्कांचं उत्तर लिहितो. ते इतकं स्वच्छ मी कधी लिहिलेलं नाही.

नंतर खेळ बदलला, क्रिकेट सुरू झालं. त्याचे नियम तुम्हाला पाठ असतील. एक टप्पा आउट. कुंपणापलीकडे मारला तर आउट, आणि बॉल आणायचाही त्यानेच. बॅट ज्याची, त्याची पहिली बॅटिंग. पोरं विषम निघाली तर एक जण 'कॉमन', दोन्हीकडून खेळणार. या कॉमनची मला नेहमी कमाल वाटते. तो कुठल्याच टीमचा नसतो आणि दोन्ही टीमला हवा असतो.

भांडणं मी मोजायला घेतली होती. सहाव्यानंतर सोडून दिली. आउट आहे, नाही, तू चिडका, तुझ्या बॅटला कोण विचारतंय, मी नाही खेळत जा. एक जण खरंच निघून गेला. वीस पावलांवर जाऊन पाठ करून उभा राहिला. कोणी समजूत काढायला गेलं नाही. थोड्या वेळाने बॉल त्याच्याकडे गेला. त्याने तो परत फेकला आणि फेकता फेकता खेळात आला. कोणी काही बोललं नाही. कट्टी झाली कधी आणि बट्टी झाली कधी, याची कुठे नोंदही नाही.

ओट्यावरचे पाच जण

आता मोबाइल. स्टेशनकडे येताना एका बंद दुकानाच्या ओट्यावर बारा-तेरा वर्षांची पाच पोरं दाटीवाटीने बसली होती. पाच जणांत फोन एकच. मला हवा होता तो सीन हाच, असं वाटून मी थांबले. फ्री फायर मॅक्स चालू होतं. जवळ जाऊन ऐकलं तर कायदा असा: एक मॅच एकाला. मेला की फोन पुढच्याला. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा, पण स्क्रीनला बोट लावायचं नाही. फोन ज्याचा, तो घाई असेल तर मध्ये एक मॅच घेऊ शकतो, पण सलग दोन नाहीत. बॅटरी कमी झाली की गेम बंद, कारण घरी फोन मेलेला गेला तर उद्या मिळणार नाही.

आणि ओट्याच्या टोकाला कोणाचा तरी धाकटा भाऊ बसला होता. त्याच्या हातात स्क्रीन फुटलेला, बंद पडलेला जुना फोन. दोन्ही अंगठ्यांनी तो जिवाच्या आकांताने बटणं दाबत होता. मधूनच विचारायचा, "मी कुठे आहे?" मोठा मान वर न करता सांगायचा, "तू घरावर आहेस. तिथूनच मार." म्हणजे इथेही कच्चं लिंबू. इथेही बॅट ज्याची त्याची बॅटिंग. माझा तयार लेख त्या ओट्यावर संपला.

पण म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. दुसरा सीन माझ्या नात्यातल्याच एका घरातला. मुलगा अकरा वर्षांचा, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, कानाला हेडफोन. तोही हाच गेम खेळतो, पण एकटा. म्हणजे तसा एकटा नाही, टीममध्ये आणखी तिघं असतात. ती कोण, कुठली, किती वर्षांची, त्याला माहीत नाही. काकूची तक्रार आहे की तो हिंदीतून शिव्या द्यायला लागलाय, आणि अशा शिव्या की तिला अर्थ विचारायचीही लाज वाटते. मी त्याला विचारलं, खेळताना कोणाशी भांडण झालं तर काय करतोस?

"म्यूट करतो. लईच झालं तर रिपोर्ट."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी दुसरे असतात ना."

हे वाक्य मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. शेतातल्या पोरांना दुसरे नसतात. नऊ आहेत, त्यातला एक रुसला तर आठ. दोघं रुसले की लगोरीच्या टीम होत नाहीत. म्हणून ती पोरं रुसलेल्याला परत घेतात. ती फार गुणी आहेत म्हणून नव्हे. भिडू कमी आहेत म्हणून. चिडक्यालाही घ्यावं लागतं, हळू पळणाऱ्यालाही, बॅटवाल्यालाही. आणि त्या चिडक्याला पण कळतं की आज जरा जास्तच चिडलो तर उद्या आपल्याला बोलावणार नाहीत. ओट्यावर भिडू नाही, पण फोन कमी होता, आणि त्यानेही तेच काम केलं. फ्लॅटमधल्या मुलाकडे फोन स्वतःचा आणि भिडू अगणित. त्याला कोणाचीच मनधरणी करावी लागत नाही. गेमचे नियम सर्व्हरवर बसलेत, त्यांच्याशी वाद घालता येत नाही. तिथे चिटिंग झाली तर कंपनी बघून घेईल. मनात टाइम प्लीज म्हटलं होतं, हे पटवून द्यायला समोर कोणी नाही.

गोळ्या घालणाऱ्या गेमने मुलं हिंसक होतात का, हा प्रश्न यात राहूनच गेला. त्यावर कित्येक वर्षं वाद चालू आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका नव्याने मांडली. हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलणं अशा आक्रमक वागण्यात छोटा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे, पण त्या गेममुळे मुलं प्रत्यक्ष हिंसाचार करतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, पण ती डेटाच्या सुरक्षेच्या कारणाने. मुलांच्या वागण्याचा त्यात संबंध नव्हता. आणि बोटांची बंदूक करून ठिश्क्यांव करत एकमेकांना मारणं तर चोर-पोलिसात कायमच होतं. लगोरीत पाठीत बॉल बसतो तेव्हा तो काही प्रेमाने बसत नाही.

माझ्या मते जास्त कामाचा अभ्यास दुसराच आहे, आणि तो मोबाइलचा नाहीच. १९९४ मध्ये बे-हिनिट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बालवाड्यांमधल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना काही दिवस एकमेकांना हरवायचे खेळ दिले आणि काही दिवस मिळून जिंकायचे. मिळून खेळायच्या दिवसांत मुलांची मदतीची वागणूक वाढली, मारामारी कमी झाली. हरवायच्या खेळांच्या दिवसांत उलटं. आणि हा फरक खेळापुरता राहिला नाही, नंतरच्या मोकळ्या वेळातही दिसला. आपल्या गॅदरिंगमधली संगीत खुर्ची आठवा. पहिल्याच फेरीत बाद होणारं पोरगं बहुतेक वेळा सगळ्यात लहान किंवा सगळ्यात बुजरं असतं, आणि उरलेला सगळा वेळ ते कडेला उभं असतं. याच खेळाचा एक प्रकार असा आहे की खुर्च्या कमी होत जातात, पण मुलं बाद होत नाहीत. शेवटी एका खुर्चीवर सगळ्यांनी कसंही करून मावायचं. मी आमच्या आळीत खेळवून बघितला. खुर्ची मोडली. प्लास्टिकची होती, शेजारच्या आजींची. भरून दिली.

बालवाडीच उठून अंगणात

या सगळ्याचा विचार आपल्याच जिल्ह्यात कोणीतरी फार आधी करून ठेवलाय, हे मला हा लेख लिहिताना नीट कळलं. सफाळ्याहून डहाणू लोकल पकडली की शेवटच्या स्टेशनाच्या पुढे बोर्डी आणि कोसबाड. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत लहान मुलांसाठी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई माँटेसरी पद्धतीतल्या. पण त्या पद्धतीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? मग पानं, बिया, शंख-शिंपले, दगड. पोरं ज्याने खेळतात तेच शिकायचं साहित्य.

त्यांच्यापुढचा अडथळा वेगळाच होता. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर जो शब्द चालतो त्या 'अंगणवाडी'च्या कल्पनेचं मूळ इथे आहे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे तीस वर्षांनंतर. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नव्हतं, तर शाळा गुरांच्या मागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. आणि मोठ्या बहिणी शाळेत का येत नाहीत, तर कडेवर धाकटं भावंड असतं. म्हणून कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, तिला नाव दिलं विकासवाडी. ताई आली की कडेवरचंही आलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण मला त्या विकासवाडीत दिसतं ते कच्चं लिंबूच. लहान मुलाला मोठ्यांपासून तोडायचं नाही, मोठ्यांच्या खेळात त्याच्यासाठी जागा करायची.

आपण आता नेमकं उलट करतो. ज्युनियर केजी वेगळी, सीनियर वेगळी, कोचिंग वेगळं, कराटेची बॅच वयानुसार. चार वर्षांच्या मुलाला फक्त चार वर्षांची मुलं भेटतात. त्याला सांभाळून घेणारा दहा वर्षांचा कोणी नाही, आणि दहा वर्षांच्याला सांभाळून घ्यायला कोणी नाही. दुसरा तोटा मला पहिल्याइतकाच मोठा वाटतो. "अजून दिसला नाहीस तू" हे वाक्य त्या राज्यवाल्याला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं?

आणि हो, फोन देणारे हात. काकूला आपण बोल लावतो, पण माझ्या चुलत बहिणीला, वय तीन, पहिल्यांदा यूट्यूब लावून दिलं ते मी. असाइनमेंट बाकी होती, ती मांडीवर चढत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, आणि तीन तास तरी अंगाची हालचाल हवी. एक तास त्या दिवशी माझ्या असाइनमेंटच्या प्रस्तावनेतच संपला.

बांधावर उभी असलेली

शेतातलं चित्र गोड आहे तसं कडूही आहे, तेही सांगायला हवं. रस्त्यापलीकडच्या पाड्यावरची तीन मुलं त्या सकाळी बराच वेळ बांधावर उभी होती. नुसती बघत. मी विचारलं, यांना का घेत नाही? एक जण म्हणाला, "ते त्यांचे त्यांचे खेळतात." मग जरा थांबून, "भिडू कमी पडले की बोलावतो." हे त्याने स्वतः ठरवलेलं नाही. ही रेघ त्याच्या आधीपासून आखलेली आहे, आणि तिच्यावरून तो इतक्या सहज चालतो की त्याला ती दिसतही नाही. खेळ मुलांना जग शिकवतो, म्हणजे जगातला हा भागही शिकवतो. सापाच्या कातीमुळे बांधापलीकडे जायचं नाही, हा नियम त्यांनी मतदान घेऊन केला. या नियमावर कधी मतदान झालंच नाही.

मुलींचंही तसंच. अकरा वर्षांची ती, जी नियम सांगत होती, आता शेवटच्या एक-दोन सुट्ट्या खेळणार. मी आठवीत गेले तेव्हा माझा डबा ऐसपैस बंद झाला. कोणी मनाई केली नाही. फक्त दिवेलागणीच्या आधी घरी बोलावणं लवकर लवकर यायला लागलं, आणि भावाला येत नव्हतं. १९७६ मध्ये जेनेट लीव्हर या अमेरिकन अभ्यासिकेने मांडलं होतं की मुलग्यांचे खेळ भांडणं झाली तरी चालू राहतात, मुली भांडण झालं की खेळच थांबवतात. यावर कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये उलट प्रश्न केला. खेळापेक्षा मैत्रीण महत्त्वाची वाटणं ही कमतरता कशी? मला दोघींना आमच्या शेतात आणावंसं वाटतं. तिथे सगळ्यात जास्त भांडणं मिटवत होती ती ही अकरा वर्षांचीच, आणि बऱ्याचदा समोरच्याचं शर्ट धरून.

पण रेघ पुसतेही. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून सफाळ्यात भाड्याने राहणारे वाढलेत. त्यातल्याच एका कामगार कुटुंबातला मुलगा गणपतीच्या आसपास आमच्या आळीत आला. आठ वर्षांचा, घरी भोजपुरी, मराठी शून्य. पोरांनी त्याला पहिले काही दिवस कच्चं लिंबू केलं. आठ वर्षांच्या मुलाला कच्चं लिंबू करणं म्हणजे थोडा अपमानच, पण त्यामागे हिशेब होता. त्याला नियम समजत नव्हते आणि समजावायला भाषा नव्हती. त्याने ते सोसलं, मागे मागे पळत राहिला, आणि एक दिवस चकताना त्याचाही हात गोलात घेतला. त्याच्यावर राज्य आलं. आता तो सगळ्यात मोठ्याने ओरडतो. फक्त 'ऐसपैस'ला 'ऐसपैच' म्हणतो, आणि गंमत अशी की बाकीची दोन-तीन लहान पोरंही आता ऐसपैच म्हणायला लागलीयत. मराठी शिकायला त्याला कोणी बसवलं नाही. राज्य, भिडू, आउट नाहीये, खोटं बोलतोस, परत घे. एवढ्या शब्दांत सफाळ्यात कुठेही राहता येईल.

दुपारी ऊन चढलं तशी पोरं पांगायला लागली. एकाचा क्लास होता. दोघांना घरून हाक आली. नऊचे सहा झाले, सहाचे पाच. पाचात डबा ऐसपैसला मजा नाही, असं ठरलं. मग अकरा वर्षांचीने बांधाकडे बघून हात हलवला. पाड्यावरची तीन मुलं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली आणि धावत खाली आली. आठ झाली. "शेवटचा डाव," कोणीतरी जाहीर केलं. गोल केला, हात पुढे आले.

तेव्हा ते चार वर्षांचं पोरगं मोठ्यांच्या पायांतून घुसून आत शिरलं आणि आपलाही हात त्याने मध्ये ठेवला. "तू कच्चं लिंबू आहेस रे," दादा म्हणाला. "तुला नाही चकायला लागत."

"मी नाही कच्चं लिंबू."

"मग राज्य आलं तर रडायचं नाही."

"नाही रडणार."

पहिल्या दोन फेऱ्यांत बाकीचे सुटत गेले. उरले दोघंच, तो आणि राज्यवाला दहा वर्षांचा. दहा वर्षांच्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग मोठ्या मुलीने निकाल दिला, राज्य लहान्यावर. कोणीतरी बाटली लांब भिरकावली. पोरगं तिच्यामागे धावलं, धसकटात पडलं, उठलं, बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून उलट्या पावलांनी येताना पुन्हा पडलं. वर्तुळात ती ठेवली, डोळे झाकले आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. दहा, वीस, तीस, चाळीस, साठ, शंभर.